राजीनाम्यानंतरचा लॅपटॉप, व्हर्निअर आणि अडकलेला पगार

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी सोडणाऱ्याच्या हातात शेवटच्या आठवड्यात एक फॉर्म पडतो. कुठे त्याला क्लिअरन्स म्हणतात, कुठे नो ड्यूज. स्टोअर्स, टूलरूम, आयटी, अकाउंट्स, कँटीन, सिक्युरिटी आणि शेवटी एचआर अशा सह्या घ्यायच्या असतात. सहा सह्या मिळतात आणि सातवी अडते. मग शेवटचा पगार, रजेचे पैसे, रिलीव्हिंग लेटर असं सगळंच त्या एका सहीपाशी थांबतं.

हे कागद मी स्टोअर्सच्या काउंटरच्या आतून पाहिले, नंतर कामगार कार्यालयाच्या बाकावर बसूनही पाहिले. दोन्हीकडे गाठ एकाच ठिकाणी पडलेली दिसते. वस्तूंचं खातं वेगळं आणि पगाराचं वेगळं, पण दोन्ही बाजू एकाची कडी दुसऱ्याला लावतात. कंपनी म्हणते, लॅपटॉप आल्याशिवाय पगार नाही. कामगार म्हणतो, पगार आल्याशिवाय लॅपटॉप नाही. कंपनीचं म्हणणं कायद्यात बसत नाही आणि कामगाराचं म्हणणं त्याला पोलीस ठाण्याच्या दारापर्यंत नेऊ शकतं. म्हणून क्रम ठरलेला ठेवावा. वस्तू आधी आणि पावतीसह परत करायची, पगाराचं भांडण त्यानंतर मोकळ्या हातांनी लढायचं.

सुरुवात राजीनाम्याच्या दिवशी होते. त्याच दिवशी एचआर, आयटी आणि स्टोअर्सला एकच मेल टाका: 'माझ्या नावावर कंपनीच्या कोणत्या वस्तूंची नोंद आहे, त्याची अनुक्रमांकासह यादी द्यावी.' शेवटच्या दिवशी यादी मागितली तर तपासायला वेळ उरत नाही. या यादीत हमखास चूक निघते आणि तिची कारणंही नेहमीचीच असतात. जुना लॅपटॉप बिघडला, आयटीवाल्याने दुसरा आणून दिला, पण रजिस्टरात बदल केला नाही. मग तुमच्या नावावर दोन दिसतात. आधीचा माणूस टेबल सोडून गेला आणि त्याचा मॉनिटर तुमच्या नावावर चढला. टूलरूममधून गेज (माप तपासायचं साधन) घेताना स्लिप तुमच्या नावाने फाडली, परत देताना कोणी ती रद्द केली नाही. चूक दिसली की त्याच मेलला उत्तर देऊन लिहा: 'यादीतील क्रमांक ४ ची वस्तू माझ्या ताब्यात कधीच नव्हती. माझ्या सहीची इश्यू स्लिप दाखवावी.' तोंडी सांगितलेलं दोन महिन्यांनी कोणाच्याही लक्षात राहत नाही. तो आयटीवालाही तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

वस्तू परत करताना 'रिसीव्ड' एवढा शब्द आणि खाली वळणदार सही असलेली पावती जवळपास निरुपयोगी असते. पावतीत वस्तूचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक, चार्जर दिला की नाही, वस्तूची अवस्था, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा असायला हवा. लॅपटॉपचा अनुक्रमांक बहुधा खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. डेलच्या यंत्रावर त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात. स्टिकर घासून गेला असेल तर लॅपटॉप चालू करून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये क्रमांक पाहा आणि त्या पडद्याचा फोटो घ्या. मोबाइलवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहून घ्या. लॅपटॉपचे चारही बाजूंनी, उघडलेल्या पडद्याचे आणि चार्जरच्या लेबलचे फोटो काढा. बिजागरीजवळचा तडा, निघालेली की, पडद्यावरची रेघ हे आधीपासून असेल तर तुमच्या हातानेच पावतीत लिहा. लपवलेला तडा पुढे सगळा तुमच्याच नावावर पडतो.

कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची आवक नोंदवही असते. लॅपटॉप घेऊन आत जाताना त्यात नोंद करायला लावा आणि नोंद क्रमांक पावतीवर टिपून घ्या. एचआरने पावती नाकारली तरी ती वस्तू त्या दिवशी गेटच्या आत गेली हे त्या ओळीवरून दाखवता येतं. गेटवरच परत पाठवलं तर तिथूनच मेल करा: तारीख, वेळ, कोणती वस्तू आणली होती, कोणी नकार दिला. घरी जाऊन संध्याकाळी लिहिलेल्या मेलपेक्षा गेटवरून त्या मिनिटाला गेलेला मेल जास्त वजनदार ठरतो.

लॅपटॉप फॉरमॅट करून देऊ नका. वैयक्तिक फोटो, बँकेची कागदपत्रं, सेव्ह केलेले पासवर्ड काढायचेच, ब्राउझरमधलं आपलं खातंही साइन आउट करायचं. पण कामाच्या फाइल्स, ड्रॉइंग, मेल यांना हात लावायचा नाही. कंपनीचा डेटा परवानगीशिवाय पुसला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ लागू होऊ शकतं. तेच अप्रामाणिकपणे केल्याचं दिसलं तर कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. उलट बाजूने, ड्रॉइंग किंवा ग्राहकांची यादी स्वतःच्या जीमेलवर पाठवणं हीही तेवढीच मोठी चूक. सर्व्हरवर त्याची नोंद राहते आणि पगाराचा साधा वाद डेटा चोरीच्या आरोपात बदलतो.

मोबाइलची तऱ्हा वेगळी. त्यात तुमचं गुगल खातं असेल तर आधी ते सेटिंग्जमधून काढा आणि मगच रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलेला अँड्रॉइड फोन पुन्हा जुनंच खातं मागतो आणि कंपनीच्या हातात बंद डबा पडतो. आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करायला विसरलात तर तेच होतं. कंपनीच्या सिमचं मात्र याहून आधी पाहायला हवं. वर्षानुवर्षं तोच नंबर वापरला की बँक, आधार, पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक), गॅस सगळं त्यालाच जोडलेलं असतं. सिम बंद झालं की ओटीपी बंद, आणि नेमका त्याच वेळी पीएफचा दावा भरायचा असतो. राजीनामा द्यायच्या आधी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या, मग बँक, मग यूएएन, याच क्रमाने.

आता टूलरूमकडे येऊ. आपल्याकडच्या वादांचा मोठा हिस्सा लॅपटॉपचा नसून गेज आणि मोजमापाच्या साधनांचा असतो. १५० मिमीचा व्हर्निअर (जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं साधन) परत देताना काउंटरवर तीन गोष्टी दोघांनी मिळून पाहाव्यात. जबडे बंद करून उजेडाकडे धरा: दोन्ही जबड्यांच्या मधून प्रकाशाची बारीक फट दिसली तर जबडे झिजलेत किंवा वाकलेत. मग शून्य शून्यावर बसतो का ते पाहा. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे सर्वांत लहान माप तेवढं असलेल्या) व्हर्निअरला एक रेघ सरकली तरी तेवढा फरक पडतो. तिसरं म्हणजे अंगावर कोरलेला आयडी आणि कॅलिब्रेशनच्या (माप बरोबर दाखवतो का याच्या तपासणीच्या) स्टिकरवरची तारीख. कॅलिब्रेशनची मुदत तुम्ही सोडण्याच्या चार महिने आधीच उलटून गेली असेल आणि कंपनीने ते करून घेतलं नसेल, तर बिघाड तुमच्या हातून झाला हे ती कशाच्या आधारावर सांगणार? इश्यू करतानाचा रिपोर्ट आणि परत घेतानाचा रिपोर्ट, दोन्ही समोर ठेवल्याशिवाय नुकसानीचा आकडा निघत नाही.

झीज आणि नुकसान यांतला फरक प्लग गेजवर, म्हणजे भोकाचं माप तपासणाऱ्या गेजवर, सगळ्यात स्वच्छ दिसतो. 'गो' बाजू प्रत्येक चांगल्या जॉबच्या (घडवलेल्या भागाच्या) भोकातून आरपार जाते, 'नो-गो' जात नाही. त्यामुळे गो बाजू आधी झिजते, ती झिजण्यासाठीच असते. त्या झिजेचे पैसे ऑपरेटरच्या पगारातून कापणं म्हणजे काम केल्याचा दंड लावणं आहे. गेज खाली पडून काठ चिरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे निष्काळजीपणाचा प्रश्न येतो.

कायदा नेमकं हेच विचारतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. त्याआधी १९३६ चा वेतन प्रदान कायदा होता आणि तो महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. संहितेत अशी मर्यादा नाही. सुपरवायझर, इंजिनिअर, मॅनेजरही तिच्यात येतात. वस्तूच्या नुकसानीपोटी पगारातून कपात करायला अटी आहेत. वस्तू त्या माणसाकडे स्पष्टपणे सांभाळायला दिलेली हवी. नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणाने किंवा चुकीने झालेलं हवं. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे आणि कपातीची नोंद रजिस्टरात हवी. शिवाय एका वेतन कालावधीत एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

'स्पष्टपणे सांभाळायला दिलेली' हे शब्द आपल्याकडे फार कामाचे आहेत. लाइनवर टांगलेला गेज तिन्ही पाळ्यांतले लोक वापरतात. तो हरवला की सगळ्यात आधी राजीनामा देणाऱ्याच्या नावावर टाकला जातो. त्याच्या सहीची स्लिप नसेल तर ती वस्तू त्याच्याकडे सोपवलेली नव्हती, विषय तिथेच संपतो.

असा एक फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाचा कागद समजा. आकडे उदाहरणाचे आहेत, पण मांडणी रोज दिसते तीच. येणे: पगार आणि रजा मिळून ४१,०००. वजा: लॅपटॉप ६०,०००, चार्जर ३,५००, व्हर्निअर ४,२००, सेफ्टी शूज १,१००, लॉकरची चावी ५००. एकूण वजा ६९,३००. खाली लाल अक्षरात 'कर्मचाऱ्याकडून येणे २८,३००'. माणूस हे पाहून घाबरतो आणि फोन उचलणं बंद करतो. तसं न करता कागद ओळीओळीने सोडवावा. लॅपटॉप हरवला असं क्षणभर धरलं, तरी ६०,००० ही दोन वर्षांपूर्वीची खरेदी किंमत आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची २ मध्ये लॅपटॉप-डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं आणि शिल्लक मूल्य साधारणपणे ५ टक्क्यांपर्यंत धरलं आहे. सरळ पद्धतीने दर वर्षी १९,००० घसारा. दोन वर्षांनी कंपनीच्याच पुस्तकात तो लॅपटॉप २२,००० चा राहतो, तीन वर्षांनी ३,००० चा. काही कंपन्या दुसऱ्या पद्धतीने घसारा लावतात, तरी आकडा ६०,००० राहत नाहीच. म्हणून खरेदीचं बिल आणि स्थिर मालमत्ता रजिस्टरचा उतारा लेखी मागा. वस्तू कोणाची हे हिशेबाची पुस्तकं ठरवत नाहीत हे खरं, पण नुकसान किती या प्रश्नाला त्यांच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. चार्जर लॅपटॉपच्याच बिलात आलेला असतो, तो दोनदा मोजलाय. वर्षभर घातलेले शूज कोणी दुसऱ्याला इश्यू करत नाही. चावीचे पाचशे वाजवी असतील तर सरळ मान्य करा. एक रास्त रक्कम कबूल केली की बाकीच्या हरकतींना वजन येतं. आणि कारणं दाखवायची संधी न देताच हा कागद बनवला असेल, तर सगळ्या कपातीच अडचणीत येतात.

त्या कागदावर 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, कोणतीही तक्रार नाही' असं छापलेलं असतं. पैशांची निकड असते, सही करावी लागते. तेव्हा सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'कपातींबाबत हरकत राखून' असं लिहा आणि लगेच फोटो काढा. लिहू देत नसतील तर सही करून त्याच दिवशी मेलने हरकत कळवा.

पगार किती दिवसांत मिळायला हवा? एचआर ४५ दिवस सांगतं. संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं, वेतन २ कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. नुकसानीपोटी ग्रॅच्युइटी रोखायची तर त्या नुकसानीच्या कारणावरून माणसाला कामावरून काढलेलं असावं लागतं, आणि तेव्हाही नुकसानीपुरतीच. स्वतःहून राजीनामा दिलेल्याची ग्रॅच्युइटी लॅपटॉपसाठी अडवता येत नाही. पीएफला तर कंपनी हातच लावू शकत नाही. ती सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी यूएएन पोर्टलवर ती स्वतः भरता येते.

मेलला उत्तर येत नाही, फोनवर 'बघतो' म्हणतात, अशा वेळी पत्र पाठवायचं. ते लांब नको. एवढं पुरतं: 'माझ्याकडे कंपनीच्या पुढील वस्तू आहेत (अनुक्रमांकासह). त्या मी अमुक, अमुक किंवा अमुक तारखेस सकाळी ११ वाजता मेन गेटवर आणून देण्यास तयार आहे. ताब्यात घेणाऱ्या व्यक्तीचे नाव कळवावे व पोचपावती द्यावी. थकित वेतनाची माझी मागणी कायम आहे.' रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. या पत्राचा खरा उपयोग फौजदारी बाजूला होतो. नोकराकडून विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) खाली ७ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, पण त्याला अप्रामाणिक हेतू लागतो. तीन तारखा देऊन 'घेऊन जा' म्हणणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक होता, हे सिद्ध करणं कठीण. पोलीस ठाण्यातून फोन आला तर जायचं टाळू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची (हजर राहायला सांगणारी) लेखी नोटीस विनयाने मागा आणि पत्राची प्रत बरोबर न्या.

लॅपटॉप अडवून ठेवला तर काय होतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. कंपनी कायद्याचं कलम ४५२ माजी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. जुन्या १९५६ च्या कायद्यातलं कलम ६३० म्हणजे हेच, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. दंड किमान १ लाख, कमाल ५ लाख. न्यायालय मुदत देऊन वस्तू परत करायला सांगतं, न केल्यास २ वर्षांपर्यंत कैद. यात कंपनीच्या क्वार्टरही येतात. २०२० च्या दुरुस्तीने एक दिलासा दिला: कंपनीने त्या माणसाचा पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे थकवला असेल तर घर न सोडल्याबद्दल त्याला कैदेची शिक्षा देता येत नाही. हा दिलासा घरापुरताच आहे. लॅपटॉपला तो नाही. अंबडमधली कितीतरी वर्कशॉप्स प्रोप्रायटरची किंवा भागीदारीतली असतात, त्यांना कलम ४५२ वापरता येत नाही, कारण ती कंपनीच नव्हेत. नोटीस आली की आधी लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आहे का ते बघा.

वस्तू खरंच हरवली असेल तर त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा आणि कंपनीला कळवा. फोन असेल तर पोलिसांच्या नोंदीच्या आधारे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करता येतो. राजीनाम्यानंतर तीन आठवड्यांनी 'हरवला' म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्तच आहे.

पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीसाठी नाशिकमधून घरून काम करणाऱ्यांना वस्तू कुरिअरने पाठवावी लागते. पत्ता, घेणाऱ्याचं नाव आणि खर्च कोणाचा हे आधी मेलवर घ्या. लॅपटॉप स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा आणि आत बॅटरी असल्याचं कुरिअरला सांगा. खोका बंद करतानाचा एकसलग व्हिडिओ अनुक्रमांकापासून टेप लावेपर्यंत असावा. पावतीवर वजन आणि जाहीर किंमत लिहून घ्या. 'खोक्यात चार्जर नव्हता' अशी तक्रार आली की वजनाचा आकडा उपयोगी पडतो.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर त्र्यंबक रोडवरच्या उद्योग भवनातलं कामगार उपायुक्त कार्यालय. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसरीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. सोबत नेमणूक पत्र, सहा महिन्यांच्या पगार स्लिपा, बँक स्टेटमेंट, राजीनामा आणि त्याची मंजुरी, वस्तूंची यादी, पावत्या, फुल अँड फायनलचा कागद. ठेकेदाराकडून लागलेले असाल तर ठेकेदार आणि मुख्य कंपनी दोघांनाही अर्जात घ्या. ओळखपत्र एकाचं आणि गेज दुसऱ्याचा, असा घोळ तिथे नेहमी असतो. वेतन संहितेखालचा दावा ३ वर्षांत करता येतो. बेकायदा कपात ठरली तर मूळ रकमेसोबत तिच्या १० पटींपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. देणं दिलं हे सिद्ध करायचा भार मालकावर आहे. पहिल्या तारखेला कंपनीचा कन्सल्टंट येतो आणि पुढची तारीख मागतो. त्या दिवशी आपण फक्त चार कागदांची मागणी लेखी नोंदवायची: माझ्या सहीची इश्यू स्लिप, खरेदी बिल, कारणे दाखवा नोटिशीची प्रत आणि कपातीच्या रजिस्टराचं पान. पुढच्या तारखेला यातले दोन जरी आले नाहीत, तरी तडजोडीचा आकडा हलायला लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्यांना मोफत वकील मिळू शकतो.

तडजोड झाली की चेक आणि नो ड्यूज प्रमाणपत्र एकाच बैठकीत घ्या. प्रमाणपत्रावर लॅपटॉपचा अनुक्रमांक आलाय का हे तिथेच, चेक खिशात घालायच्या आधी, पावतीशी ताडून पाहा.